घरचे तेवढे

निवृत्त गणितमास्तरांच्या घरी कुटुंबाचा फोटो काढायचा बेत ठरला, आणि शेजारच्या काकू सगळ्यांच्या आधी नीट केस विंचरून मधल्या खुर्चीत येऊन बसल्या.

फोटोग्राफरनं कॅमेरा तिपाईवर चढवला. "घरचे तेवढे या बरं. उजेड आहे तोवर उरकू."

स्वयंपाकघराच्या दारात नव्यानं आलेली सूनबाई उभी होती. सकाळीच तिनं कानांत मोत्याचे डूल घातले होते. पण "ये गं" असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. दारातल्या कवडशासारखी ती तिथंच थांबली होती, ना आत, ना बाहेर.

मास्तरांचं सगळं लक्ष मात्र काकूंच्या खुर्चीवर. 'उठा' म्हणायची छाती होईना, म्हणून त्यांनी गणिताला पुढे केलं.

"संच कसा सुस्पष्ट हवा," ते घसा खाकरून म्हणाले. "कोण घटक, कोण नाही, ते नियमानं ठरतं, मायेनं नाही. तर नियम असा : या घरात राहतो, तो घटक."

"मग मी उठतो," मुलगा म्हणाला. "माझी नोकरी परगावी. मी आपला सुट्टीपुरता."

"मी तर दिवसभर इथंच असते," काकू म्हणाल्या. "पाठ टेकायला तेवढी पलीकडे जाते."

मुलाच्या रिकाम्या खुर्चीत मांजरानं उडी मारली. तेही इथंच राहत होतं.

"बदलू," मास्तर म्हणाले. "आडनाव एक, तो घटक."

"अहो, आपलं आडनाव एकच की!" काकू आणखी ऐसपैस झाल्या.

दारातून हळूच आवाज आला, "बाबा, मी माहेरचंच आडनाव ठेवलंय."

मुलानं बापाकडे अशा नजरेनं पाहिलं, की मास्तर गडबडले, आणि गडबडीत तोंडाला येईल ते बोलून गेले, "बरं बरं, या घरात जन्मला तो घटक!"

"शाब्बास!" मास्तरीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "घर माझ्या बाबांचं. मी इथं जन्मले, पोरगा इथं जन्मला, मांजर त्या कपाटात जन्मलं. तुम्ही तेवढे पत्र्याची पेटी घेऊन दारातून आलात."

"आणि मीसुद्धा इथलीच!" काकू म्हणाल्या. "माझी आई गप्पा मारायला आली होती तुमच्या सासूबाईंकडे. गप्पा जरा लांबल्या."

मास्तर मुकाट्यानं उठले आणि दाराशी सुनेच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तिनं सरकून जागा दिली.

"इथं वारा बरा लागतो, बाबा."

"हं." मास्तर चौकटीला टेकले. "दोघांचाही संच होतो तसा."

"नियम काय त्याचा?"

"बाहेरून आलेले."

"मग मीपण त्यातलाच!" म्हणत फोटोग्राफर कॅमेरा सोडून त्यांच्या रांगेत आला. आता फोटो काढायलाच कुणी उरलं नाही.

मास्तरीणबाई तरातरा आत गेल्या आणि चहाचा ट्रे घेऊन आल्या. "आता माझा नियम. ज्याचा कप या घरात ठरलेला, तो घरचा."

कानतुटका मास्तरांना गेला, मोठा मुलाला. काकूंनी आपला आधीच फडताळातून काढून आणला होता. सूनबाई ट्रेकडे न बघता मांजराकडे बघत राहिली.

"तिकडे काय बघतेस? निळा तुझा. तू या घरात यायच्या आधीच आणून ठेवलाय."

तिनं दोन्ही हातांनी कप घेतला. कानांतले डूल हलले, हलतच राहिले.

"ताई, माझा?" फोटोग्राफरनं विचारलं.

"तुम्हाला पेला. पेला म्हणजे पाहुणे. पिऊन घ्या आणि चला कॅमेऱ्यामागे!"

फोटो झकास आला. मधोमध काकू, त्यांच्या मांडीवर मांजर, शेजारी डोळे भरून हसणारी सूनबाई, आणि कडेला कसेबसे मावलेले मास्तर. काकूंनी एक प्रत हट्टानं मागून घेतली आणि आपल्या घरात लावली.

एका दुपारी काकूंकडे कुणीतरी पाहुणी आली. मधली भिंत पातळ. मास्तरांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"आणि हे कडेचे कोण हो?"

"हे होय?" काकू म्हणाल्या. "हे बाहेरून आलेत. पण असू दे, आता घरच्यासारखेच झालेत."