आपापली फाईल

मुलीने अट आधीच सांगून टाकली होती. लग्न करायचं ते बाबांच्या होकारानेच. ते नाही म्हणाले तर मी रडेन, जेवण टाकीन, पण पळून बिळून येणार नाही. आणि बाबांचा होकार बैठकीच्या खोलीत मिळत नाही, मागच्या खोलीत मिळतो. तिचा मित्र चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा. समोरच्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकून घ्यायची त्याला धंद्याने सवय लावली होती. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, मागच्या खोलीत काय आहे? मागच्या खोलीत दोन संगणक आहेत, ती म्हणाली.

तिचे वडील बंदरात क्रेन चालवत असत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी इमारतीत सगळे त्यांना क्रेनवालेच म्हणत. तरुणपणी बंदरातल्या विश्रांतीच्या खोलीत, वजनाच्या पावत्या काढायच्या संगणकावर, त्यांना एक खेळ भेटला. पडद्यावर आपल्या हातातली बंदूक तेवढी दिसायची, बाकी सगळं आपल्याच डोळ्यांनी पाहायचं, अंधाऱ्या बोगद्यांतून धावायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. जगाने त्यानंतर शेकडो नवे खेळ काढले, पण क्रेनवाले त्याच बोगद्यात राहिले. आणि त्यांच्या मते त्या खेळाचं खरं मर्म खेळात नव्हतंच, ते होतं सेटिंगच्या फाईलमध्ये.

ही फाईल म्हणजे साधा मजकूर, एका ओळीत एक हुकूम. माऊस किती चपळ, नजर किती रुंद, गोळी कोणत्या बटणाने, उडी कोणत्या बटणाने. क्रेनवाल्यांनी ती आयुष्यभर घासूनपुसून लख्ख ठेवली होती. क्रेनचा दांडा मागे ओढला की ओझ्याचा आकडा वर जातो, म्हणून त्यांचा माऊसही मागे ओढला की नजर वर जायची. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दुसऱ्या संगणकावर बसवत आणि घरचा एक शिरस्ता होता, आपापली फाईल आणायची. परक्याच्या सेटिंगमुळे हरलो ही सबब त्या घरात चालत नसे.

मित्र कॉलेजात असताना हा खेळ बरा खेळायचा. बरा म्हणजे चांगलाच. अडचण तिथेच होती. बाबांना हरवलंस तर त्यांचा अबोला, असं मुलीने बजावलं होतं. आणि मुद्दाम हरलास तर त्यांना तिसऱ्या मिनिटाला कळतं, बंदरातल्या एका जुन्या दोस्ताशी ते त्यावरून अजून बोलत नाहीत. आता हरवायचंही नाही आणि हरायचंही नाही, तर माणसाने करायचं काय? दुकानात एका बाईंना ओळी वाचायला लावताना त्याला युक्ती सुचली. प्रामाणिकपणे, जीव तोडून खेळायचं, पण फाईलच अशी बनवायची की जिंकणं शक्यच होऊ नये. मग त्याने घरी बसून माऊस इतका मंद केला की मान वळवायला टेबल पुरू नये, नजर किल्लीच्या भोकाएवढी केली आणि गोळीचं बटण माऊसवरून काढून कीबोर्डच्या अगदी कोपऱ्यात, जिथे कुणाचं बोट सहसा जात नाही, तिथे नेऊन ठेवलं. ही फाईल त्याने एका पेनड्राइव्हवर घेतली. आपली खरी फाईल दुसऱ्या पेनड्राइव्हवर होती, ती त्याने उगीच दुसऱ्या खिशात टाकली.

इकडे क्रेनवाल्यांच्या बायकोने नवऱ्याला सकाळपासून फैलावर घेतलं होतं. मागे एक चांगला शिकलेला मुलगा आला होता, त्याला क्रेनवाल्यांनी बोगद्यात असा काही धुतला की तो बिचारा पाणीही न पिता उठला. क्रेनवाले त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले होते. छान खेळलात, पुन्हा अवश्य या, असं अगदी गोड बोलले होते. घरातल्यांना त्या गोड बोलण्याचा अर्थ ठाऊक होता. परक्या माणसाशी क्रेनवाले साखर पेरत. आरडाओरडा आणि शेलकी विशेषणं त्यांनी घरच्यांसाठी राखून ठेवली होती.

"या वेळी मुलाला जिंकू द्यायचं," बायको म्हणाली. "पोरगी त्याच्यावर जीव टाकते. तुमची हौस बाजूला ठेवा एक दिवस."

क्रेनवाल्यांना ते पटलं, पण एक पंचाईत होती. त्यांच्या हातांना हरता येत नसे. समोर कुणी आलं की बोट आपोआप दाबलं जायचं. मनाला विचारायची हातांना गरजच वाटत नसे. तेव्हा दुपारी बायको जरा आडवी झाली असताना ते मागच्या खोलीत गेले, आपली फाईल बाजूला जपून ठेवली आणि तिची नक्कल काढून ती बिघडवायला बसले. पोटच्या पोराला विद्रूप करावं तसं त्यांना ते जड गेलं, पण लेकीसाठी त्यांनी केलं.

संध्याकाळी मित्र आला. चहा झाला, दुकान कसं चालतं विचारून झालं, आणि क्रेनवाल्यांनी अदबीने त्याला मागच्या खोलीत नेलं. दोन टेबलं समोरासमोर होती, दोन्ही पडद्यांच्या पाठी एकमेकांना टेकलेल्या, म्हणजे कुणालाही दुसऱ्याचं दिसू नये. मित्राने पेनड्राइव्ह लावला. क्रेनवाल्यांनी घसा साफ केला. खेळ सुरू झाला.

पहिली बरीच मिनिटं काहीच घडलं नाही. बोगद्याच्या मधोमध एक मोठं दालन होतं, त्याच्या मध्यभागी उकळत्या लाव्ह्याचं कुंड. दोघे दोन बाजूंनी त्या दालनात आले आणि एकमेकांना न बघता एकमेकांच्या शेजारून निघून गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. एकदा तर दोघे नाकाला नाक लावून उभे होते. दोघांनीही जीव तोडून बटण शोधलं, आणि दोघांच्याही गोळ्या छताला लागल्या. मग मित्र वळायला गेला, टेबल पुरलं नाही, आणि कुंडात पडला. या खेळात आपल्या चुकीने मेलात तर एक गुण कापला जातो. मित्राचा आकडा शून्याखाली गेला. क्रेनवाले हळहळले आणि त्याला पाहायला पुढे येताना स्वतःच कुंडात पडले.

मित्राच्या मनात पहिल्यांदा शंका आली ती इथे. हा माणूस सरळ समोरचं तेवढं पाहतो, डाव्या-उजव्या अंगाला काय आहे ते त्याला दिसतच नाही. अशी माणसं त्याने दुकानात पाहिली होती. बाजूची नजर हळूहळू जाते आणि ज्याची जाते त्याला पत्ताही लागत नाही. त्याला मनापासून वाईट वाटलं. आजारी माणसाशी काय चढाओढ करायची, असा विचार करून त्याने स्वतःहून कुंडात उडी मारली.

पडद्यापलीकडे क्रेनवालेही विचारात पडले होते. त्यांनी आयुष्यभर माणसांचे हात पाहिले होते. टांगलेलं ओझं कसं हेलकावतं त्यावरून वर केबिनमध्ये कोण बसलंय ते सांगणारा हा माणूस. या मुलाचा हात मेंदूच्या मागून येत होता. वळायचं ठरवल्यावर बऱ्याच वेळाने तो वळत होता. एवढ्या तरुण वयात हे काही बरं लक्षण नाही, असं त्यांना वाटलं, आणि पोराला धीर यावा म्हणून त्यांनीही उडी मारली. मग मित्राने मारली. मग क्रेनवाल्यांनी. बराच वेळ ते दोन सज्जन एकमेकांचं मन राखत लाव्ह्यात उड्या मारत राहिले, आणि शेवटी पाणी प्यायचं निमित्त करून दोघेही उठले.

मित्र थेट स्वयंपाकघरात गेला आणि मुलीला हळूच म्हणाला, "घाबरू नकोस, पण तुझ्या बाबांना बाजूचं दिसत नाहीये. लवकर तपासायला हवं."

मुलगी घाबरली. सकाळीच बाबांचं कोपर दाराच्या चौकटीला आपटलं होतं, हे तिला आठवलं. मागच्या आठवड्यात त्यांनी पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं होतं, हेही आठवलं. एकदा आठवायला लागल्यावर काय काय आठवेल याला धरबंध नसतो. खालच्या मजल्यावर डॉक्टर राहत, त्यांना तिने फोन केला आणि सहज आल्यासारखे या म्हणून विनवलं.

तेवढ्यात गॅलरीत क्रेनवाले बायकोला सांगत होते की मुलगा सज्जन आहे, पण त्याच्या हातात काहीतरी दोष आहे, बहुतेक शिरेचा. बायकोलाही लगेच आठवलं की चहा देताना कप बशीत थोडा वाजला होता. ती आत आली आणि मित्राला तिने फार मायेने विचारलं, घरी सगळ्यांच्या तब्येती कशा आहेत, आजोबा किती वर्षं जगले, आणि त्यांचे हात शेवटपर्यंत चालत होते ना. मित्राने सगळ्याची उत्तरं दिली आणि या घरात आजाराचाच विषय का चाललाय याचा त्याला भलताच अर्थ लागला. बाबांच्या आजाराची यांना कल्पना आहे, तो मनात म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

डॉक्टर आले. ते गेली कित्येक वर्षं दर रविवारी क्रेनवाल्यांकडून बोगद्यात मार खात, त्यामुळे सहज येणं त्यांना अवघड नव्हतं. बोलता बोलता त्यांनी क्रेनवाल्यांच्या कानांजवळ दोन बोटं हलवली. क्रेनवाल्यांनी न वळता विचारलं, तुमच्या बोटाला शाई कसली लागलीय. मग क्रेनवाल्यांनी त्यांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजत मुलाचा हात पाहायला सांगितलं. डॉक्टरांनी ओळख म्हणून मित्राशी हस्तांदोलन केलं आणि हात सोडलाच नाही. वळवला, दाबला, बोटं एकेक करून मोजली. हात ठणठणीत होता. मुलगी दारात उभी, तिची आई तिच्यामागे, आणि डॉक्टरांना काहीच सापडेना.

"तुम्ही खेळा पाहू एकदा," ते शेवटी म्हणाले. "मी बघतो."

दोघे पुन्हा बसले. डॉक्टर टेबलांच्या बाजूला उभे राहून कधी या पडद्यात, कधी त्या पडद्यात डोकावू लागले. दालन आलं, कुंड आलं, छताला गोळ्या लागल्या. मित्राने आदराने उडी मारली, क्रेनवाल्यांनी आदराने तिची परतफेड केली. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"दोघांनाही काही झालेलं नाही," ते म्हणाले. "इतकं वाईट खेळायला फार मेहनत लागते."

क्रेनवाल्यांनी खाकरून, अतिशय नम्रपणे, आपली फाईल जरा दाखवता का, अशी मित्राला विनंती केली. नाही म्हणायची सोय नव्हती. क्रेनवाले त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि ओठ हलवत एकेक ओळ वाचू लागले. माऊसच्या आकड्यापाशी थांबले. नजरेच्या आकड्यापाशी थांबले. गोळीचं बटण कुठे गेलंय ते पाहून तर ती ओळ त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचली.

मुद्दाम हरणाऱ्यांचं या घरात काय होतं ते मित्राला माहीत होतं. जे व्हायचं ते होऊन जाऊ दे, असं म्हणून त्याने विचारलं, "आणि तुमची?"

असं क्रेनवाल्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले, क्षणभर घुटमळले, आणि त्यांनी पडदा मित्राकडे वळवला. माऊस मंद. नजर किल्लीच्या भोकाएवढी. मागे ओढल्यावर वर जाणारी ती आयुष्यभराची ओळ निर्दयपणे उलटी केलेली. आणि गोळीचं बटण कीबोर्डच्या त्याच कोपऱ्यात. डॉक्टरांना एकदम खोकला आला आणि ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. जाताना मुलीला आणि तिच्या आईलाही घेऊन गेले.

"खरी आणलीय का?" क्रेनवाल्यांनी विचारलं.

मित्राने दुसऱ्या खिशात हात घातला. खोलीचं दार बंद झालं.

स्वयंपाकघरात तिघं जण कान देऊन बसले. आधी नुसते बटणांचे आवाज आले, मघापेक्षा पुष्कळ जलद. मग क्रेनवाल्यांचा आवाज आला आणि तो इमारतीत सगळीकडे ऐकू गेला असावा. "अरे गाढवा, पाठीत काय मारतोस, समोर ये की." भाजी ढवळणारा आईचा हात थांबला. तिने मुलीकडे पाहिलं. मुलीने तोंडावर ओढणी धरली. आतून आणखी काही ऐकू आलं, त्यात आंधळ्या हा शब्द स्पष्ट होता. आईने गॅस बारीक केला आणि डॉक्टरांना आता जेवूनच जा म्हणून सांगितलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मित्र घामाघूम होऊन बाहेर आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी जिंकलो," तो मुलीला म्हणाला. "हात ऐकेचनात. संपलं सगळं. ते मला गाढव म्हणाले, मग आंधळा, मग बिनडोक. मी निघतो, तू रडू नकोस."

"बिनडोकसुद्धा म्हणाले?" आईने विचारलं.

"हो."

"मला म्हणायला त्यांना लग्नानंतर वर्ष लागलं होतं," आई म्हणाली.

याचं काय करायचं ते मित्राला कळेना. तो पायात बूट घालू लागला. एक बूट घालून होतोय तोच आतून आरोळी आली. "कुठे मेलास रे? अजून डाव राहिलाय."

"जा, हाक मारतायत," आई त्याला म्हणाली. "आणि तो बूट काढून ठेव आधी, घरात बूट घालून फिरायचं नाही."

तो बूट काढून मुकाट्याने आत गेला, आणि आई मुलीच्या मावशीला फोन लावायला उठली.