मॉइश्चर इंग्रजी नोहोय

मला इंग्रजी येते. हे मी आजही कोणासमोरही छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. फक्त बायको समोर नसावी, एवढीच अट.

आता तुम्ही म्हणाल, राईस मिलच्या ऑपरेटरला कसली आली इंग्रजी? तर एकदा गोंदियाला आमच्या मिलमध्ये येऊन उभे राहा. धान हॉपरमध्ये पडतं, एलिव्हेटरने वर चढतं, शेलरमध्ये सोललं जातं, पॉलिशरमधून चकचकीत होऊन निघतं. सॉर्टेक्स मशीन त्यातला काळा-पिवळा दाणा हुडकून रिजेक्ट करते आणि तुटका दाणा ब्रोकन म्हणून वेगळा पडतो. या सगळ्या प्रवासात मराठी शब्द म्हणाल तर एक, धान. तोही शेवटपर्यंत टिकत नाही, त्याचा तांदूळ होतो. माझी अख्खी पाळी याच भाषेत जायची. मग माझी इंग्रजी कच्ची राहीलच कशी?

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या आसपासची. तेव्हा मी लग्नाचा होतो आणि कामठ्याच्या योगेश्वरी रहांगडालेवर माझं मन बसलं होतं. तिला मी एकदाच पाहिलं होतं, मावसभावाच्या लग्नाच्या पंगतीत. जिलेबी वाढणाऱ्याला ती "थँक यू" म्हणाली. आमच्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला "इकडं आण गा" याखेरीज कोणी काही म्हणत नाही. तो जिलेबीवाला मी होतो. मी "ओके मॅडम" म्हणालो आणि त्या धांदलीत शेजारच्या म्हाताऱ्याच्या वरणात जिलेबी टाकली.

पण योगेश्वरी इंग्रजीत एम.ए. झालेली, गोंदियाच्या एका शाळेत शिकवणारी. आणि तिचे वडील लक्ष्मीचंदकाकाजी एकाच गोष्टीवर अडून बसलेले. पोरगी इंग्रजी शिकली, तर जवाईही इंग्रजीवालाच पाहिजे. भरपूर शेती असलेली स्थळं त्यांनी चहा पाजून परत पाठवली होती.

"तू कायले भेतं?" चैतराम मावसा म्हणाले. माझ्या मावशीचे यजमान, मध्यस्थ तेच होते. "मी सांगून देल्लो त्याईले. पोरगा झोपेतही इंग्रजी बोलते म्हटलं."

यात खोटं काही नव्हतं. झोपेत मी एकदा "बेल्ट स्लिप, बेल्ट स्लिप" म्हणून ओरडलो होतो आणि घरच्यांनी अंगारा लावला होता.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं कामठ्याला गेलो. सारवलेलं मोठं अंगण, एका बाजूला धानाच्या पोत्यांची थप्पी, मधे खुर्च्या. लक्ष्मीचंदकाकाजी धोतर सावरून बसले होते. त्यांच्या शेजारी योगेश्वरीचा भाऊ लोकेंद्र. तो वकिलीच्या पहिल्या वर्षाला होता आणि पुढची वर्षं आधीच अंगात आल्यासारखा बसला होता. गरम बडे, म्हणजे आमच्याकडचे वडे, घेऊन फिरत होत्या काकाजींच्या थोरल्या भावजय, दुलारीबाई. पोरं त्यांना मोठी माय म्हणत. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या, पण घरची शेती त्यांच्याच हुकमावर चालायची. आमच्याकडच्या जुन्या बायांसारख्या त्याही "मी करतो"च म्हणायच्या. योगेश्वरी आत दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या की मी उचललेला बडा परत ताटलीत ठेवत होतो.

"तुमाले इंग्रजी येते म्हणतात," काकाजी म्हणाले.

"येते ना, काकाजी. दिवसभर तेच बोलून राहिलो."

"मंग होऊन जाऊ द्या," लोकेंद्रने बाह्या सारल्या. "एक शब्द मी म्हणतो, एक तुमी म्हणा. जो अडला तो हरला."

मला मनातून हसूच आलं. असला खेळ तर मी मिल सुरू करण्याआधी तोंड धुता धुता खेळलो असतो.

"जस्टिस," लोकेंद्र म्हणाला.

"हॉपर," मी म्हणालो.

"फ्रीडम."

"एलिव्हेटर."

"बटरफ्लाय."

"पॉलिशर."

काकाजी खूश झालेले दिसले. चैतराम मावशांनी दुसरा बडा उचलला. लोकेंद्र "मून" म्हणाला आणि मी ऐटीत पाय पसरून म्हणालो, "मॉइश्चर."

"हा नाई चालत." आवाज बड्यांच्या ताटामागून आला. दुलारीबाई माझ्यासमोर उभ्या होत्या.

"काऊन?" मावशांनी विचारलं.

"मॉइश्चर इंग्रजी नोहोय."

"मंग काय हाय?"

"धानाचा शब्द हाय. दर साली व्यापारी येते, दाणा दातात धरते आन म्हणते, बाई, मॉइश्चर हाय. मी म्हणतो, कालपासून धान उन्हात पडून हाय, कायचा मॉइश्चर? जनमभर मी मॉइश्चर बोलून राहिलो. आन मले इंग्रजी येत नाई, हे साऱ्या कामठ्याले ठावं हाय. तं मंग मॉइश्चर इंग्रजी कसा?"

मी या युक्तिवादावर पुढे पुष्कळ दिवस विचार केला. अजून मला त्यात भोक सापडलेलं नाही.

लोकेंद्रला तर पहिला खटला जिंकल्याचा आनंद झाला. "हरकत मंजूर," त्याने स्वतःच निकाल दिला. "जो शब्द मोठ्या मायले येते, तो इंग्रजी नाई. दुसरा सांगा."

"बेल्ट," मी म्हणालो.

"आमच्या थ्रेशरले हाय," दुलारीबाई म्हणाल्या.

"बेअरिंग."

"मांगच्या हंगामात तेच तं फुटली."

"स्टार्टर."

"मोटारपंपाचा. पाण्याच्या पाळीले मीच दाबतो."

"ग्रीस," मी घाम पुसत म्हणालो.

"पायाच्या भेगाईले लावतो. लय गुण येते."

अंगणाच्या कुडापाशी शेजारीपाजारी जमू लागले होते. माझा एकेक शब्द दुलारीबाई रिजेक्ट करत होत्या, आमच्या सॉर्टेक्सपेक्षा भरभर. आणि आतून बांगड्यांचा आवाजही येईनासा झाला. मला खरंच भीती वाटली. मिलमधली सगळी इंग्रजी संपल्यावर माझ्याकडे दुसरी कुठली होती? ओके आणि मॅडम. तेवढ्यावर पोरगी कोण देणार?

मग मला लोकेंद्रचा डाव उलटवायचं सुचलं.

"तुमी म्हणा," मी त्याला म्हणालो. "पण नियम तोच. मोठ्या मायला ठाऊक असेल तर बाद."

"हॉस्पिटल," लोकेंद्र बेफिकिरीने म्हणाला.

"ठावं हाय ना," दुलारीबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू तिथंच काढला."

"पोलीस."

"त्याले कोण नाई वळखत?"

"जज."

"तू होनार हायेस ना बाबू."

लोकेंद्र गडबडला. "टेन्शन," तो म्हणाला. तो शब्द म्हणून म्हणाला की सहज, कोण जाणे.

"ते तं मले तुमच्या दोघाईमुळं येऊन राहिलं."

लोकेंद्रही कपाळ पुसू लागला. पेन, टाईम, डॉक्टर, सिमेंट, सगळे एकामागून एक बाद झाले. कुडापलीकडचे लोक एकमेकांना विचारून शब्द पुरवत होते आणि दुलारीबाई ताट कमरेवर घेऊन ते उडवत होत्या. शेवटी लोकेंद्रने डोळे मिटून, सगळा जीव एकवटून एक शब्द काढला, "ज्युरिसप्रुडन्स."

कुडापलीकडच्यांनी माना दुलारीबाईंकडे वळवल्या. दुलारीबाईंनी विचार केला. "हा नाई ठावं," त्या म्हणाल्या. "हा असन इंग्रजी."

"अर्थ काय त्याचा?" काकाजींनी विचारलं.

"ते पुढच्या वर्षाले शिकवतात," लोकेंद्र म्हणाला.

म्हणजे बघता बघता कामठ्यात इंग्रजी भाषेत एकच शब्द शिल्लक राहिला, आणि त्याचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता.

इथे थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण चैतराम मावशांना गप्प बसवत नव्हतं. ते मोठ्याने म्हणाले, "लक्ष्मीचंदभाऊ, मी तं वेगळंच म्हणतो. एवढे शब्द जर भौजीले येतात, तं भौजीलेच इंग्रजी येते. पोरीले यम.ए. कायले केलं मंग? घरीच शिकली असती."

काकाजींचा चेहरा उतरला. पोरीच्या शिक्षणासाठी त्यांनी गावाची बोलणी ऐकली होती. पोरगी डोक्यावर चढवून राहिला, असं लोक तोंडावर म्हणायचे. "म्हणजे योगेश्वरीचं यम.ए. आन थ्रेशरचा बेल्ट एकच झाला का?" ते म्हणाले. "असे मशिनीचे शब्द म्हणजे इंग्रजी नोहोय. खरी इंग्रजी वेगळी रायते."

आता दुलारीबाई बिथरल्या. "म्हणजे माझ्या तोंडात आला का शब्द हलका होते? मॉइश्चर साहेबानं म्हटला तं इंग्रजी, दुलारीनं म्हटला तं कोंडा?"

"आधी तुमीच म्हणाल्या ना, इंग्रजी नोहोय म्हणून."

"मी म्हणीन. तुमी कायले म्हणता?"

आणि बड्यांचं ताट घेऊन त्या आत गेल्या. चैतराम मावशांचा हात हवेतच राहिला. काकाजी मान फिरवून पोत्यांकडे पाहत बसले. मावशांनी पायानेच चप्पल चाचपली. मला सगळं कळलं. स्थळ गेलं होतं, आणि तेही माझ्याच तोंडच्या शब्दाने. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात योगेश्वरी बाहेर आली. मागोमाग दुलारीबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, फुरंगटलेल्याच.

"बाबूजी, मी विचारते त्यांना," ती म्हणाली. "इंग्रजीची परीक्षा आहे तर इंग्रजीच्या मास्तरणीला घेऊ द्या."

ती माझ्याकडे वळली. "व्हॉट डू यू एक्स्पेक्ट फ्रॉम अ मॅरेज?"

मला त्यातलं मॅरेज तेवढं समजलं. म्हणजे लग्न. लग्नाबद्दल काहीतरी बोलायचं. मी उभा राहिलो, डोळ्यांसमोर मिल आणली आणि बोलायला लागलो.

"मॅरेज... कन्टिन्यू रनिंग. नो ब्रेकडाऊन. नो ओव्हरलोड. टाईम टू टाईम ऑइलिंग."

तिने ओठ घट्ट मिटले. "अँड इफ देअर इज अ प्रॉब्लेम?"

प्रॉब्लेम हा तर आमच्या मिलचा कुलस्वामी. मला धीर आला. "प्रॉब्लेम कमिंग, फर्स्ट मेन स्विच ऑफ. देन चेकिंग. स्लो, स्लो. नो हॅमर."

योगेश्वरीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे ते मला समजेना, आणि विचारायला इंग्रजी उरली नव्हती.

"काय झालं बाई?" काकाजींनी विचारलं. "येते का त्याले?"

"येते, बाबूजी," ती म्हणाली. "पण त्यांची इंग्रजी ब्रोकन आहे."

मी मटकन खाली बसलो. ब्रोकन म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. आयुष्यभर तेच पोत्यात भरत आलो होतो. चैतराम मावशांनी दोन्ही चपला घातल्या.

आणि दारातून दुलारीबाई बोलल्या. "ब्रोकन हाय? मंग काय झालं? ब्रोकन म्हणजे तांदूळच ना. शिजवला का त्याचा बी भातच होते."

लक्ष्मीचंदकाकाजींनी मान इकडे वळवली. ब्रोकन हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी तो हयातभर हातावर घेऊन पाहिला होता. "तेही खरं हाय, भौजी," ते सावकाश म्हणाले. "आन आजकाल ब्रोकनले मागणी बी चांगली हाय. रिजेक्ट असता तं गोष्ट वेगळी होती." मग त्यांनी पोरीला विचारलं, "तुले चालते का, बाई?"

"रिजेक्ट नाही, बाबूजी," योगेश्वरी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच जोडलं, "वरणात जिलेबी वाढतात, तेवढं सुधारावं लागेल."

माझ्या कानात शेलर सुरू झाल्यासारखं झालं. बड्यांचं ताट पुन्हा बाहेर आलं. मावशांनी चपला काढल्या.

लग्न धानाचा हंगाम आटोपल्यावर झालं. बिदाईच्या वेळी सगळे डोळे पुसत होते. दुलारीबाईंनी योगेश्वरीला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे बोट दाखवून भरल्या गळ्याने म्हणाल्या, "जवाईबापू, माझ्या पोरीले ओव्हरलोड नोको देजो." कोणी काही म्हणो, मला पूर्ण समजलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर संसार चांगला चालला आहे. रनिंग कन्टिन्यू आहे, ब्रेकडाऊन नाही, हॅमर तर कधीच नाही. फक्त अधूनमधून काही वाजलं, मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं, की योगेश्वरी हातातली वही तपासता तपासता मान वर न करता म्हणते, "फर्स्ट?"

आणि मी बंद होतो. कामठ्याच्या अंगणात फर्स्ट मेन स्विच ऑफ असं मी ऐटीत सांगितलं होतं, तो स्विच माझाच असतो हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.