घोरण्याची खुली माहिती

झोपेवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांनी पत्नीचे घोरणे इंटरनेटवर जगासाठी खुले केले, आणि घरात ते सगळ्यात आधी मेहुण्याला कळले.

हेतू वाईट नव्हता. स्त्रियांच्या घोरण्यावरचा त्यांचा निबंध छापायचा, तर त्यामागची सगळी माहिती कुणालाही तपासता यावी, अशी नियतकालिकाची अट होती. पत्नीच्या उशाशी माइक ठेवून केलेली ध्वनिमुद्रणे त्यांनी चढवली आणि खाली लिहिले, 'लेखकाची पत्नी'. नाव गुप्त ठेवल्याचे त्यांना समाधान होते.

मेहुण्याने मोठ्या अभिमानाने ती लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली. जाऊबाईंनी फोन करून घरगुती उपाय सांगितला. शेजारीणबाई म्हणाल्या, आम्हाला इतके दिवस पाण्याची मोटर वाटत होती.

पत्नी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी शांत होता.

"घोरता तुम्ही. आणि बोभाटा माझा?"

"अगं, माइक तुझ्या उशाशी होता. आलेख बघ हवं तर."

"ते काढून टाका आधी."

प्राध्यापकांनी तशी विनंती केली. उलट टपाली नम्र उत्तर आले, की शेकडो अभ्यासकांनी माहिती उतरवून घेतली आहे, आता काढून उपयोग नाही. पत्नीने दोन दिवस अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी परदेशातल्या एका विद्यार्थिनीचा मेल आला. तिने सगळी मुद्रणे कान देऊन ऐकली होती. तिची एकच शंका होती: घोरणे ऐन भरात असताना एक बाई बोलते. घोरणारी जर लेखकाची पत्नी, तर खोलीतली ही दुसरी स्त्री कोण?

पत्नी पाठीमागे उभी राहून तोच मेल वाचत होती.

"दुसरी स्त्री?" ती म्हणाली. "लावा बघू."

प्राध्यापकांनी आजवर फक्त आलेख पाहिले होते. आता प्रथमच ऐकले. खर्ज चढत चढत गेला आणि त्यावरून पत्नीचा टक्क जागा, कंटाळलेला आवाज आला, "अहो, कुशीवर वळा ना."

प्राध्यापक गप्प झाले. मुद्रणातले प्राध्यापक मात्र गप्प होईनात.

निबंध अर्थातच मागे घ्यावा लागणार होता. पण त्या क्षणी त्यांना पत्नीसमोर मान वर करवेना.

"आता काहीही करून काढायलाच लावतो," ते पुटपुटले.

"छे, राहू द्या," पत्नी फोनवर बोट चालवत म्हणाली. "कितव्या मिनिटाला ऐकायचं, ते आत्ताच कळवलंय सगळ्यांना."