सासूबाईंच्या गाण्याची अंडी

"आई, तुमच्या गाण्यानं कोंबड्या जास्त अंडी देतात! शास्त्रानं सिद्ध झालंय!"

जावयानं हे छाती फुगवून सांगितलं आणि तिथेच तो फसला. अहो, डॉक्टरेटची मुदत डोक्यावर नाचत होती आणि हाती काही म्हणजे काही नव्हतं! गाण्यानं अंडी वाढतात का, हे बघायला त्यानं खुराड्यापुढं कुणाकुणाला उभं केलं नव्हतं? न्हावी झाला, पोस्टमन झाला, शाळेतल्या गाण्याच्या बाई झाल्या. एकोणीस जण घसा खरवडून गेले, कोंबड्या ढिम्म! विसाव्या सासूबाई. त्यांचा आवाज म्हणजे गंजलेलं फाटक! पण त्या आठवड्यात अंडी वाढली. कॉम्प्युटर म्हणाला, फरक लक्षणीय, नुसता योगायोग नव्हे! मग आधीचे एकोणीस जावयानं हळूच गिळून टाकले.

इकडे सासूबाई हवेत! "जावईबापू, स्वयंपाकाचं तुम्हीच बघा. माझा गळा आता शास्त्राचा आहे." पहाटेपासून जी तान सुटायची, की दूधवाला पिशवी लांबूनच भिरकावून पळायचा!

गाईड मॅडम म्हणाल्या, "छान! आता नव्या कोंबड्यांवर, माझ्यासमोर."

सासूबाई आठवडाभर जीव तोडून गायल्या. कोंबडा कुंपणावरून उडाला, तो परत फिरकलाच नाही! आणि अंडी? आवाज पोचणार नाही अशा लांबच्या खुराड्यात गाण्याशिवाय जेवढी, तेवढीच.

"याआधी कोण कोण गायलं होतं?" मॅडमनी विचारलं.

जावई छत न्याहाळू लागला. बायकोच बोलून गेली, "अय्या, एकोणीस जण की!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, वीस जणांना गायला लावलंस, तर एखाद्याच्या वेळी अंडी आपली आपण वाढलेली दिसणारच! तेवढंच उचलून दाखवायचं?"

"म्हणजे डॉक्टरेट गेली?" जावई पांढराफटक.

"जाते कशाला? वीसच्या वीस जण लिही. हा फसलेला आठवडाही लिही. खरं लिहिलंस, तर सही माझी."

त्यानं लिहिलं, आणि मिळाली की हो डॉक्टरेट! पण खरी परीक्षा पुढेच होती. सासूबाईंना सांगणार कोण?

"आई, ते... तुमच्या गाण्यानं अंडी वाढल्याचं काही दिसत नाही हो."

"कमी झाली का?"

"नाही, तसंही काही दिसलं नाही."

"मग झालं तर! माझ्या गाण्याचा कुणाला काडीचा त्रास नाही, हे शास्त्रानं सिद्ध झालं!" आणि त्यांनी तिथल्या तिथे सूर लावला.

सासरे हळूच जावयाच्या कानाशी लागले. "डॉक्टरसाहेब, कोंबड्यांचं ठीक आहे. माझ्यावर प्रयोग कधी करताय?"