हळदीकुंकू लागलेल्या पत्रिका

"गॅलरीतलं क्रिकेट बंद झालंच पाहिजे," असं गंगाधर परब चाळीच्या मीटिंगमध्ये म्हणाले आणि स्वतःच अडकले.

"मग दुपारी पोरांना तुम्हीच बघा ना, काका," तिसऱ्या मजल्यावरची सुरुची म्हणाली. "मे महिना आहे. घरात बसून ती करणार काय?"

"बघतो की," गंगाधर म्हणाले. "तीस माणसांचं आवक-जावक डिपार्टमेंट सांभाळलंय मी. ही तर पोरं."

दुसऱ्या दिवशी काळाचौकीच्या जनार्दन निवासात, दुसऱ्या मजल्यावर, परबांच्या दारासमोर सतरंजी पडली आणि तिच्यावर चार ते चौदा वयाची पोरं येऊन बसली. डिपार्टमेंटमध्ये निदान कोणी गोंद खात नसे, हा फरक गंगाधरांना पहिल्या पाच मिनिटांत कळला. इथे ध्रुवने खाल्ला. त्यांची स्वतःची नात मनवा, वय वर्षं चार, हिने तो केसांना लावला. नऊ वर्षांच्या नूपुरने सांगितलेली होडी चुटकीसरशी केली आणि "आता पुढे?" म्हणून त्यांच्याकडे बघत बसली. चौदा वर्षांचा पुष्कर "काय बेबी काम आहे यार" म्हणत कठड्याला टेकून मोबाईल खेळू लागला. जे मनवाला जमावं त्याने पुष्करला जांभई येई आणि जे पुष्करला आवडावं त्याने मनवाचं बोट कापलं गेलं असतं. खाली अंगणात बॅट आपटल्याचा आवाज आला तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या.

संध्याकाळी गंगाधरांनी व्हिडिओ पाहायला घेतले. 'घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून सोप्या कलाकृती' असं म्हणत एक बाई हसत हसत आली आणि तिने टाकाऊ वस्तू मांडल्या. त्यात गरम गोंदाची बंदूक होती, चमचमता फोम होता आणि सोनेरी रंगाची बाटली होती.

"हे कोणाच्या घरात टाकाऊ म्हणून पडलेलं असतं?" गंगाधरांनी बायकोला विचारलं.

"जे असे व्हिडिओ करतात त्यांच्या," कालिंदीबाई म्हणाल्या. "मी उद्या मैद्याची खळ शिजवून देते. ती पोटात गेली तरी चालते. कागदाचं तुमचं तुम्ही बघा."

कागद मात्र घरातच निघाला. कात्री शोधायला गंगाधरांनी खालचा खण उघडला आणि आतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या पायावर पडला. लग्नपत्रिका मराठी घरात येते, पण जात नाही. तिच्यावर गणपती असतो, त्यामुळे ती कचऱ्यात टाकता येत नाही. पहिल्या मजल्यावरच्या रामदास कांबळ्यांकडच्या पत्रिकांवर बुद्ध असतो, त्यामुळे त्यांच्याही खणात तीच अडचण. जोडप्यांना पोरं होतात, पोरं शाळेत जातात, पण पत्रिका खणातच राहते. आणि कागद असा कडक नि गुळगुळीत की दुकानात मागितला तर मिळणार नाही.

गंगाधरांनी गॅलरीभर फिरून दवंडी दिली. जुन्या पत्रिका द्या. देवाला कात्री लागणार नाही, तो आधी अलगद सोडवून डब्यात ठेवला जाईल, उरलेल्याचे कंदील होतील. चाळीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दारोदार पिशव्या निघाल्या. शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, "भावोजी, आमच्या रघुच्या लग्नाच्या पण उरल्यात पुष्कळ. काढून पाठवते."

राधाबाईंच्या घरी त्या वेळी दुसरीच घाई होती. रघुच्या धाकट्या बहिणीचं, मायाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि नव्या पत्रिका नुकत्याच छापून आल्या होत्या. घराला रंग काढलेला, बसायला जागा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पत्रिकांची पिशवी घेऊन कालिंदीबाईंकडे आल्या. गंगाधर तेव्हा खालच्या मजल्यांवर वसुलीला गेले होते.

"वहिनी, तुमचा हात हलका. एवढ्या पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून द्या. संध्याकाळी पहिली देवापुढे ठेवते आणि दुसरी घेऊन तशीच माटुंग्याला जाते. दादाकडे."

कालिंदीबाईंनी वर पाहिलं. राधाबाईंचे दादा, म्हणजे मायाचे मामा हेमचंद्र, या घरावर रुसले होते हे चाळीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. रघुच्या लग्नाचं आमंत्रण त्याने मामांना फोनवर पाठवलं होतं, तेही ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर दूधवालाही होता. मामा लग्नाला आले नाहीत. त्या चाळीचा जिना पुन्हा चढणार नाही, असंही त्यांनी सांगितलं.

"जन्मभर शाळेत पोरांना कागदकाम शिकवलंन," राधाबाई म्हणाल्या, "पण स्वतःच्या कपाळाची घडी काही उलगडत नाही. मायाचे बाबा गेले तेव्हापासून दादानेच बघितलं तिच्याकडे. मायाने तर सांगून टाकलंय, बोहल्यावर न्यायला मामाच हवा. नाहीतर मी एकटी चालत जाईन, पण दुसऱ्या कोणाचा हात धरणार नाही म्हणाली. आता हातात पत्रिका बघून विरघळला तर ठीक."

कालिंदीबाईंनी जीव लावून हळदीकुंकू लावलं. एकेका कोपऱ्यावर सारखं बोट, कुठे फराटा नाही. मग पिशवी दाराशी ठेवली, राधाबाई येतील तेव्हा हाताशी असावी म्हणून, आणि लालबागला मसाला कुटून आणायला गेल्या.

गंगाधर परतले तेव्हा दाराशी पिशव्यांची रांग होती आणि रांगेत राधाबाईंच्या घरची ओळखीची हिरवी पिशवी होती. रघुच्या उरलेल्या आल्या वाटतं, असं त्यांना वाटलं. पण ते उतावळे नव्हते. जन्म आवक-जावकमध्ये गेला होता. त्यांनी पिशवीतली पत्रिका काढली, नाव न वाचता कोपरा उजेडात धरला आणि पिवळे-तांबडे ठिपके पाहिले.

"हळदीकुंकू लागलेलं आहे," त्यांनी मुलांना समजावलं. "म्हणजे पत्रिका वापरून झालेली. ज्याच्यावर शिक्का पडला ते प्रकरण निकाली. कोपरा कोरा असेल तर हात लावायचा नाही, तो माल चालू आहे. कळलं?"

"कळलं," मुलं म्हणाली. हा नियम सगळ्यांना पटला आणि त्याप्रमाणे मायाच्या लग्नाच्या सगळ्या पत्रिका निकालात निघाल्या.

कधी नव्हे ती ती दुपार रंगली. मनवा आणि ध्रुव सोडवलेले सोनेरी गणपती डब्यात रचत होते. नूपुर आणि तिच्या बरोबरीच्या मुली घड्या घालत होत्या. पुष्करने पट्टी ठेवून सटासट चिरा दिल्या आणि दोन तास मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. कंदील थोडे चमत्कारिक होत होते. त्यांना पोट सुटण्याऐवजी वरून खालून झिपऱ्या सुटत होत्या. पण गंगाधरांनी त्यांना 'झुंबर' असं नाव देऊन तो प्रश्न मिटवला. मरून रंगाची झुंबरं गॅलरीभर दोरीवर डोलू लागली. खालून जाणारा माणूस थांबून वर बघे. गंगाधर छाती काढून उभे होते.

संध्याकाळी राधाबाई नवी साडी नेसून आल्या. मागे माया, परळच्या ऑफिसातून लवकर सुटून आलेली.

"वहिनी, झाल्या पत्रिका?"

"कधीच्या. ही काय पिशवी," म्हणत लालबागहून नुकत्याच परतलेल्या कालिंदीबाईंनी हिरवी पिशवी उचलली. ती फारच हलकी लागली. त्यांनी आत पाहिलं, मग दोरीकडे पाहिलं. जवळच्या झुंबराच्या एका झिपरीवर 'चि. सौ. कां. माया' एवढंच शिल्लक होतं.

"अहो," त्या म्हणाल्या आणि ती झिपरी त्यांनी राधाबाईंपुढे धरली.

राधाबाई एरवी सरळ बोलत. फार संतापल्या की मात्र मालवणीत उतरत.

"भावोजी, ह्या काय केलात तुमी? माज्या चेडवाच्या लग्नाचे पत्रिके ते. आता दादाक काय देव मी? कपाळ?"

"हळदीकुंकू लागलं होतं हो," गंगाधर पुटपुटले. मग त्यांनी एकमेव बचाव पुढे केला. डबा उघडून दाखवला. "पण वहिनी, एकाही गणपतीला कात्री लागलेली नाही."

प्रेसवाल्याला फोन झाला. लग्नसराई होती. तो म्हणाला, आठ दिवस तरी हात लावत नाही. तिकडे मामांना संध्याकाळी येतो म्हणून निरोप गेलेला. आज गेलं नाही तर रुसव्यावर रुसवा चढला असता. राधाबाई पायरीवर बसून रडायलाच लागल्या. मुलं एकेक करून भिंतीला लागली. काय झालं ते लहानांना कळत नव्हतं, पण काहीतरी आपल्या हातून झालं एवढं कळत होतं.

मायाने दोरीवरचं एक झुंबर काढून हातात फिरवलं.

"आई, हेच घेऊन जाऊया," ती म्हणाली. "फोनवर पाठवलं म्हणून मामा रागावला ना? हे काय फोनवरचं नाहीये."

"ह्या लक्तराला पत्रिका म्हणू?"

"मी म्हणते," मनवा म्हणाली. तिने आपलं स्वतःचं झुंबर घेतलं होतं आणि ती ते कोणालाही देणार नव्हती. त्यामुळे माटुंग्याच्या टॅक्सीत राधाबाई, माया, आरोपी म्हणून गंगाधर आणि झुंबर धरायला मनवा अशी वरात निघाली.

हेमचंद्रमामांनी दार उघडलं, पण या म्हणाले नाहीत. मनवाने हात वर केला.

"मायाताईची पत्रिका. लग्नाला या."

मामांनी चष्मा लावला आणि ते चोळामोळा झालेलं, खळीने चिकट झालेलं झुंबर उजेडात धरलं. बराच वेळ ते फिरवून फिरवून पाहत राहिले. कपाळावरची घडी जास्तच खोल झाली. राधाबाईंनी डोळे मिटले.

"चिरा कोणी शिकवल्या?" मामांनी विचारलं.

मनवाने बोट दाखवलं.

"इकडे या," मामा म्हणाले. गंगाधर, वय वर्षं चौसष्ट, हात मागे बांधून पुढे गेले. "चिरा कुठून द्यायच्या? घडीच्या बाजूने. तुम्ही दिल्यात उघड्या बाजूने. मग टोकं सुटणार नाहीत तर काय होईल? आणि एवढा चांगला कागद वाया घालवलात हो, असा कागद आम्हाला शाळेत कधी बघायला मिळाला नाही. असे किती केलेत?"

"सगळेच," गंगाधर खाली मान घालून म्हणाले.

"आणि हे असे वाटणार? माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका म्हणून? लोक विचारतील, मामा कागदकामाचा मास्तर ना?" मामा आत गेले. खणाचा आवाज झाला, कसलीतरी पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज झाला. बाहेर आले ते हातात जुन्या कात्र्या घेऊनच. "वरून खालून पट्ट्या लावल्या तर सावरतील अजून. उद्या दहाला येतो. पोरांना हात धुऊन बसवा. आणि राधा, तू दारात काय उभी? चहा टाक."

राधाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे चहाच्या आधणासमोर मनसोक्त रडल्या. "आई," माया हळूच म्हणाली, "मामा चाळीत येतोय." ते दोघींनाही खरं वाटत नव्हतं.

मामा दहाला आले. जिना चढताना त्यांना शपथेची आठवण झाली असावी, कारण पहिल्या मजल्यावर ते जरा थांबले. पण वरून नूपुरने "सर आले" अशी हाक दिली आणि ते भराभर वर आले. बारा मिनिटांत त्यांनी जे केलं ते गंगाधरांना दोन दिवसांत जमलं नव्हतं. लहानांनी वरच्या पट्टीवर खळ लावून गणपती बसवायचा, एवढंच काम, पण तो सरळ बसला पाहिजे. मधल्यांनी सुटी टोकं पट्टीला चिकटवायची. मोठ्यांनी खालच्या पट्टीवर तारीख, वेळ आणि दादरच्या हॉलचं नाव सुवाच्य अक्षरात लिहायचं. पुष्करला अक्षरावरून तीनदा परत पाठवलं. तो तीनदा गेला आणि कुरकुरला नाही.

"आणि मी?" गंगाधरांनी विचारलं.

मामांनी त्यांना क्षणभर निरखलं आणि ध्रुवच्या शेजारी, लहान गटात बसवलं.

कंदील देखणे झाले. कमरेत बारीक, वर खाली फुगीर, वरच्या पट्टीवर सोनेरी गणपती. रघु उत्साहाने म्हणाला, "मस्त फोटो काढून ग्रुपवर टाकतो." मामांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. रघुने फोन खिशात घातला, चपला घातल्या आणि चार दिवस गिरगाव ते काळाचौकी घरोघरी फिरून कंदील हातात दिले. ते मात्र कोणी खणात टाकले नाहीत. गणपती असलेली आणि वर टांगता येणारी वस्तू, टांगावीच लागली. रोज डोक्यावर लग्नाची तारीख लोंबत असल्यावर विसरणार कोण? एरवी अक्षता टाकून पळणारे लोकसुद्धा सहकुटुंब आले. हॉल भरून बाहेर खुर्च्या मांडाव्या लागल्या. आणि अंतरपाट धरल्यावर हेमचंद्रमामा भाचीचा हात धरून आले तेव्हा त्यांच्या कपाळावर एकही घडी नव्हती. राधाबाईंनी डोळे पुसले, पुन्हा भरले, मग पुसायचा नाद सोडला. सतरंजीवरची सगळी पोरं पहिल्या रांगेत बसली होती, यजमानासारखी.

पुढच्या सोमवारी दुपारी परबांच्या दाराशी सुरुची उभी राहिली. काखेत कोरा करकरीत गठ्ठा होता.

"काका, आमच्या अजितच्या लग्नाच्या पत्रिका. आजच छापून आल्या. पोरं कापायला कधी घेतील?"

गंगाधरांनी एक पत्रिका काढली, कोपरा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि मान हलवली.

"आधी हळदीकुंकू लावून आणा," ते म्हणाले. "त्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही."