फुलाबाईचा बाप न्हावी की सुतार?

आमच्या शेजारच्या आप्पांच्या हिशेबाने एका अमेरिकन नटीचा बाप सोमवारी न्हावी असतो आणि गुरुवारी सुतार. मधल्या एखाद्या वारी तो रेल्वेत डबे जोडायलाही जातो. असेना का बापडा! पण सांगणाऱ्याने एकदा काय ते ठरवावं की नाही?

आप्पा म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी नंदुरबार डेपोत गेली. त्यांचं नि आमचं घर एकाच भिंतीला आहे. मी विसरवाडीला एका सरकारी कचेरीत कारकून आहे, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणतात. नंदुरबारहून रोजचं अप-डाउन. संध्याकाळी हायवेची धूळ खाऊन बसमधून उतरतो तेव्हा माझ्यात जीव म्हणून काही उरलेला नसतो. अशा माणसाला काय लागतं हो? घोटभर चहा, आणि कुणी काही बोलू नये. पण आमचं फाटक वाजायचा अवकाश, पलीकडच्या ओट्यावरून हाळी येतेच, "या भाऊसाहेब! बठा. आज सालदारकीना टप्पा शे."

बसावं लागतं. वयाने वडील माणूस, नाही कसं म्हणणार? त्यांच्या खिडकीखाली माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली असते. आप्पा समोर उभे राहतात. कंडक्टर माणूस, बसून बोलायची सवयच नाही. आणि आवाज असा, की मी हातभर अंतरावर बसलेला असलो तरी भरल्या गाडीत मागच्या सीटवरच्या माणसाला सांगावं तसं सांगणार.

सांगणार काय, तर फुलाबाईची कारकीर्द. ही जुन्या काळातली हॉलिवूडची नटी, आणि गाणारीही. खरं नाव फ्लोरा. आडनाव ना आप्पांना उच्चारता येतं, ना मला. लहानपणी गावातल्या चर्चमध्ये गायची, मग रेडिओवर, मग एका ऑर्केस्ट्रात, तिथून थेट सिनेमा कंपनीत. हे सगळं टप्प्याटप्प्याने. रोज एक टप्पा.

सिनेमा कंपनीने बाईला सात वर्षांच्या कराराने बांधून घेतलं होतं. आप्पांच्या भाषेत ही सालदारकी. आमच्याकडे शेतावर गडी ठेवतात तो आखाजी ते आखाजी, वर्षाच्या बोलीवर. तो सालदार.

"एक साल नही, भाऊसाहेब, सात साल!" आप्पा हात नाचवत सांगतात. "मालक म्हने हास, तं हासनं. मालक म्हने रड, तं रडनं. केस सोनेरी कर म्हने. बाईनी कयात. अन् गाऊ दे म्हनं तं म्हने, तू फक्त नाच. कोकिळाले चारा कापाले लाई दिधं! खोटं नही सांगस मी."

'खोटं नही सांगस' हे त्यांचं पालुपद. दर तिसऱ्या वाक्याला येतं. आणि नेमकं त्याच्या मागचं वाक्य कालच्यापेक्षा वेगळं असतं. काल बाई पाचव्या वर्षी कंपनीतून पळाली होती, आज पूर्ण सात वर्षं भरून निघते. परवा तिचं गाजलेलं गाणं तिने तापात फणफणत म्हटलं होतं, आज ती ठणठणीत होती आणि ताप पेटीवाल्याला होता. नवऱ्यांचं तर विचारूच नका.

"बाईना तीन दाल्ला व्हतात. पहिला ढोल वाजाडे, दुसरा दारू पिये, तिसरा तिना पैसा खाये."

"आप्पा, मंगळवारी चार होते."

"चार? मंग चौथा असाच व्हता. खोटं नही सांगस."

हे खूळ आलं कुठून, ते मी दोघा नवराबायकोच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणजे सिंधूमाय बोलत होती तेव्हा. सिंधूमाय ही आप्पांची बायको, माहेर रनाळ्याचं. बाई ठसकेबाज. ती आत भाकरी थापायची आणि आप्पा ओट्यावर आम्हाला सांगायचे.

"नवंनवं लगीन व्हतं. टॉकीजवर बोर्ड लागेल व्हता. लाल अक्षर..."

"हट्! हिरवा अक्षर व्हतात," आतून आवाज यायचा.

"बरं, हिरवा. मोठं लिखेल व्हतं, 'माय'."

झालं होतं असं, की पिक्चर इंग्रजी. त्याच्या नावातला पहिला इंग्रजी शब्द पेंटरने देवनागरीत हा एवढा मोठा काढला, 'माय', आणि बाकीचं नाव खाली बारीक अक्षरात कोंबलं. आता आमच्या अहिराणीत माय म्हणजे आई. आप्पांना वाटलं, आईवरचा पिक्चर दिसतोय, रडण्यासारखा. म्हणून नव्या बायकोबरोबर त्यांनी स्वतःच्या आईलाही नेलं. म्हातारीने भाकरी आणि ठेचा बांधून घेतला.

आत पाहतात तर पडद्यावर एक गोरी पोर झग्यात, खिडकीत बसून गातेय. म्हातारीने विचारलं, "हाई कोनी पोर शे रे? अन् तिनी माय कोठे शे?"

"ई आते," आप्पा म्हणाले.

म्हातारी अख्खा पिक्चर मायची वाट बघत बसली. माय काही आली नाही. शेवटी ती पोर कपड्यांची पेटी घेऊन एकटीच आगगाडीत चढली, तेव्हा म्हातारी हमसून हमसून रडली. "माय नही ना बिचारीले, म्हनीसन अशी भटकस!" फ्लोराची फुलाबाई केली ती तिनेच.

"मन्ही माय तठे तीनदा रडनी," आप्पा सांगायचे.

"एकदाच रडनी. दोनदा तं ठेचा लागना व्हता तिले," आतून दुरुस्ती.

तेव्हापासून फुलाबाई त्या घरात परदेशी दिलेल्या नणंदेसारखी झाली. गाडीत कुणी विसरलेलं मासिक असो, रद्दीतलं इंग्रजी पान असो, तिचं नाव दिसलं की आप्पा कुणा शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे. पुढे पुतण्याने मोबाइलवर सगळं काढून दिलं. आप्पा गोष्ट सांगायचे, सिंधूमाय ती दुरुस्त करायची. त्यांना मूलबाळ नाही. एवढ्यावरच दोघांचा संसार चालला, आणि मजेत चालला.

गेल्या वर्षी सिंधूमायला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. औषधपाणी झालं, हात-पाय थोडे हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, वाचाही येईल, पण तिने बोलायचा प्रयत्न केला पाहिजे. तिला बोलतं ठेवा, जितके दिवस गप्प राहील तितकं अवघड होईल. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात मायने प्रयत्न केला. भेटायला आलेल्या कॉलनीतल्या बाया बसल्या होत्या. माय पाणी मागायला गेली आणि तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. कुणी हसलं नाही. नुसतं एकमेकींकडे बघितलं. तेवढं मायला पुरलं. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढलेली बाई ती, तिने ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर हूं नाही की चूं नाही.

आणि नेमकं त्यानंतर आप्पांनी ओट्यावर हे रोजचं पुराण लावलं. कॉलनीला काय वाटणार? माझ्या बायकोने, लताने तर घरात तोफाच डागल्या. "बायको आत भिंतीकडे तोंड करून पडलीय आणि हा माणूस ओट्यावर मडमेचे नवरे मोजतोय! आणि तुम्ही? तुम्ही मोजायला मदत करता!"

मी आपला बूट काढत होतो.

खरं सांगतो, मीही वैतागलो होतो. आप्पांची खूप कीव यायची आणि त्याहून जास्त कंटाळा यायचा. वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं चाललं. एके दिवशी विसरवाडीपासून उभ्याने आलो होतो, एका पायावर, कुणाची तरी कोंबडीची पिशवी दुसऱ्या पायावर. खुर्चीत टेकतोय तोच आप्पांनी सुरू केलं, "बाईना पाच दाल्ला व्हतात..."

"पाच?" माझं टाळकंच सरकलं. मी मोबाइल काढला. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावतो. सगळं धडधडीत लिहिलेलं होतं. "आप्पा, हे बघा. नवरे तीन. आणि बाप तिचा सु..."

आप्पांनी माझ्या तोंडावर हातच दाबला. त्या हाताला मालिशच्या तेलाचा वास येत होता. मला तसंच दंडाला धरून त्यांनी फाटकापर्यंत ओढत नेलं आणि खालच्या आवाजात बोलायला लागले. त्यांना खालचा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"तू नको सांगू भो," ते म्हणाले. मला कधी अरेतुरे केलं नव्हतं त्यांनी. "सुतार व्हता तिना बाप. तीनच दाल्ला व्हतात. माले काय माहीत नही?"

"मग रोज हे काय चाललंय?"

"तिले बोल म्हनं, तं तोंड फिरावस. पानी माग म्हनं, तं मागत नही, तशीच तहानी ऱ्हास. हात जोडात मी तिना पुढे, भाऊसाहेब. नही बोलनी. पन चूक? चूक तिले सहन व्हत नही. मी एक गोट सांगू अन् ती चार चुका काढे, जनमभर. म्हनीसन मी चुका करस. तिनी खिडकीजवळ करस, मोठा आवाजमा करस. एक ना एक दिन ती 'हट्' म्हनी. बस, तितलंच पाहिजे माले." त्यांनी माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. "तूच सुधारी देशी, तं मंग ती कसाले बोली?"

मी मोबाइल खिशात टाकला.

"काल तं मी बाईले मारीबी टाकं," आप्पा म्हणाले.

"कुणाला?"

"फुलाबाईले. बिचारी म्हातारपनमा घरमा, खाटलावर शांत मरनी. मी तिले भर तरुनपनमा विमानमाईन खाले पाडी टाकं. वाटनं, आते तरी ती वरडी."

"मग?"

"मंग काय? पंखाना आवाज उना." त्यांनी गळ्यावरून हात फिरवला. "घसा बसना मन्हा. थकी गऊ भो मी आते."

असं म्हणून ते फाटकाला टेकून उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन लताला सांगितलं. माझ्यासाठी गाळलेला चहा तिने दोन कपांत केला आणि म्हणाली, "एक त्यांना नेऊन द्या."

दुसऱ्या दिवशी फाटक वाजलं, पण हाळी आली नाही. आप्पा पायरीवर बसले होते. बसलेले! घशाला मफलर गुंडाळलेला. मी म्हटलं, "आज कोणता टप्पा?" त्यांनी नुसती मान हलवली. आवाजच उठत नव्हता.

अंग माझंही मोडून आलं होतं. सरळ घरात शिरून पडावं, असं फार वाटत होतं. पण मी खिडकीखाली जाऊन बसलो आणि घसा खाकरला. कचेरीत कधी वरच्या आवाजात बोलत नाही मी. तरी बेंबीच्या देठापासून सुरू केलं.

"आप्पा, आज गाडीत एक जण सांगत होता. तुमच्या फुलाबाईला म्हणे गाताच येत नव्हतं!"

आप्पांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"होय! आपल्याकडच्या हिरॉइनींसारखंच. गायची म्हणे दुसरीच कुणीतरी. ही पडद्यावर नुसते ओठ हलवायची!"

आप्पांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या तोंडावर त्यांच्या आईलाच कुणी शिवी दिली असावी. मला वाटलं, हा माणूस आता मला ओट्यावरून ढकलून देतो. पण मग त्यांच्या लक्षात आलं. डोळे भरून आले त्यांचे. बसलेल्या घशातून त्यांनी कसाबसा आवाज काढला.

"हा... बराबर शे. मीबी तसंच आयकेल शे. बाईले सूरच नव्हता." आणि पुढचं पालुपद काही त्यांच्याने म्हणवेना.

आत पंखा घरघरत होता. मग खाट करकरली. आप्पांनी माझा गुडघा घट्ट धरला.

आणि आतून स्टीलचा पेला दाणकन फरशीवर आला. गडगडत गडगडत पार दारापर्यंत आला.

"पडला वाटतं," मी म्हणालो.

"पडना नही, भाऊसाहेब," आप्पा धडपडत उठले. "फेका तिनी!"