पांढऱ्या घोड्यावरचा स्वार

अकोल्यापासून अमरावतीपर्यंत माझ्यासारखा सेनापती नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. तलवार मी कधी हातात धरली नाही. पण आमच्या कापूसवाल्या साहेबाच्या मेजावर शिशाच्या पलटणी अशा काही हलवायचो की साहेब चिरूट चावत बसायचा. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. पण पावसाळ्यात खरेदी बंद, साहेबाला करमेना. मग तो फासे टाकायचा, त्याचा कारकून म्हणून मीही टाकायचो, आणि आकडा पडेल तितकी बोटाएवढी माणसं मरायची. मेलेली पेटीच्या झाकणात.

बंगला झाडणाऱ्या दुर्गाबाई एकदा मेजापाशी थबकल्या.

"पंत, हे काय करून राह्यले तुमी?"

"लढाई. सहा वर्षांपूर्वीची, उत्तरेतली. झाली तश्शी!"

लढाई साहेबाने मनानेच रचली होती. पण कारकुनाला भाव खायची संधी रोज मिळत नाही.

"अन् हा?" त्यांनी झाकणातला पांढऱ्या घोड्यावरचा स्वार दाखवला.

"मेला. तोफेचा गोळा लागला. पण मागे हटला नाही."

"तुमी पाह्यलं?"

"या डोळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी स्वार गायब, दुर्गाबाईही गायब. साहेब म्हणाला, रविवारी स्वार दिसला नाही तर तूही दिसू नकोस. मी बैलगाडी करून त्यांच्या गावी, भातकुलीला निघालो. चोरीवर काय काय सुनावायचं ते वाटेत पाठ केलं.

घर बायकांनी भरलेलं. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या टाकांशेजारी आमचा शिशाचा स्वार, हळदकुंकवाने माखलेला. घरातला माणूस गेला की त्याचा टाक देवांत बसतो; लढाईत गेलेल्याचा, घोड्यावरचा.

दुर्गाबाईंचे दीर नत्थुजी मला पाहून उठले. "या पंत. आमचा सूर्यभान पांढऱ्या घोड्यावर रिसाल्यात गेला, तो आलाच नाई. मेलेला कोनी पाह्यला नाई, मनून वयनीनं पोराचा टाक बसू देला नाई. सा वर्सं रोज त्याच्या वाटची भाकर टाकली. तुमी पाह्यलं मनाले, तवा कालपासून बंद केली."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दुर्गाबाईंनी हळूच विचारलं, "पंत, त्यानं पानी मांगतलं काय?"

पाठ केलेलं सगळं विसरलो.

"नाही, दुर्गाबाई. तेवढा वेळच आला नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. मलाही रडू आवरेना. खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायची छाती नव्हती.

रविवारी मी स्वाराच्या जागी सुपारी मांडली. पूजेत हजर नसलेल्याच्या जागी आपण मांडतो तशी. साहेब इतका हसला की माझी नोकरी राहिली. मग डाव सुरू झाला. स्वार पुढे घातला असता तर लढाई माझीच होती. पण समोर तोफा होत्या. मी सुपारी शेवटपर्यंत टेकडीआड ठेवली आणि सपाटून हरलो.

साहेब अजून येईल त्याला सांगतो की या पंताला घोडदळ चालवता येत नाही. बरोबर आहे त्याचं.